तिने ते पुस्तक का निवडलं

“हजर,” तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की पुकारलेला नंबर आपला नव्हताच, बायकोचा होता. आणि बायको जाऊन आता काही महिने झाले होते. लांब टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांच्या माना खाली गेल्या. पीटीचे सर हातातला कागद तसाच धरून उभे राहिले. कागदावर सात नंबरपुढे काट मारलेली होती, ती त्यांनीच मारली होती, पण ते कागद बघून पुकारत नव्हतेच. हे वाचक मंडळ एकाच शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षकांचं, त्यामुळे जमले की आधी हजेरी घ्यायची ही त्यांची जुनी थट्टा होती. सर कवायतीच्या आवाजात नंबर पुकारायचे, केस पांढरे झालेल्या बाया पोरींसारखा बारीक आवाज काढून हजर म्हणायच्या, एखादी मुद्दाम म्हणायची, “सर, ही मला मागून टोचते.” सहाच्या मागून सात सवयीने आला होता. आणि त्याचं उत्तरही सवयीनेच गेलं होतं. ती गेल्यापासून तिच्या नावाने कुणी हाक मारली की त्यालाच ओ द्यावी लागत होती. बँकेच्या फोनवरच्या मुलीला तिच्याशीच बोलायचं असायचं, पेन्शनच्या खिडकीतला माणूस तिचं नाव घेऊन मान वर करायचा, आणि हा पुढे होऊन म्हणायचा, हो, बोला.

“चुकलो हो,” सर म्हणाले. “तोंडाला वळण पडलंय.”

“चुकलात कुठे?” मोठ्या बाई म्हणाल्या. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही टेबलाच्या टोकालाच बसत. “बरोबरच झालं. म्हणजेच भावोजी आज तिच्या वतीने हजर आहेत. घ्या पुढे, सर.”

तो बसलेलाच होता, तरी पुन्हा एकदा नीट बसला. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची ती खोली, भिंतीला मासिकांचे गठ्ठे, पंखा फिरताना मध्येच अडखळायचा. या खोलीच्या खाली तो कितीदा तरी तिला घ्यायला येऊन उभा राहिला होता, वर कधी आला नव्हता. आज आला होता तो मंडळाच्या एका नियमामुळे. पुस्तक दरवेळी एकाने निवडायचं, बाकीच्यांनी ते वाचून यायचं, आणि ज्याने निवडलं त्याने ते का निवडलं हे सगळ्यांसमोर सांगायचं. या वेळचं पुस्तक तिचं होतं. आजारी पडायच्या आधी तिने ते सुचवलं होतं, प्रती वाटून झाल्या होत्या, मग तिचंच सगळं आटोपलं आणि मंडळ बरेच दिवस भरलं नाही. गेल्या आठवड्यात मोठ्या बाईंचा फोन आला. “भावोजी, तुम्ही यायचंच आहे. आम्ही सगळे अडून बसलोय बघा. जगात इतकी पुस्तकं, आणि शाळा बंद पडल्याची विज्ञान कादंबरी हिने का काढली? जन्मजात शिक्षिका ती. तुमच्याशी बोलली असेलच की.” तो म्हणाला, हो, बोलली होती. त्यावर बाई म्हणाल्या, मग झालं तर, या आणि सांगा. मुलगी परगावी असते, तिला त्याने हे कळवलं तेव्हा ती म्हणाली, “बाबा, जा तुम्ही. चार माणसांत बसणं होईल. आईला मुलांच्या भवितव्याची काळजी वाटायची म्हणून निवडलं, असं सांगा. दोन वाक्यं बोला, जास्त गुंतू नका.” ही दोन वाक्यं तो येताना बसमध्ये मनात घोळवत आला होता. तशी ती चांगली होती. फक्त खरी नव्हती.

तिला शाळा आवडत नव्हती. हे तो सोडून कुणालाही ठाऊक नव्हतं, मुलीलाही नाही. नव्या संसाराच्या दिवसांत एकदा तो दिवाणावर पडला होता आणि ती उद्याचे कपडे इस्त्री करत होती, रविवारची संध्याकाळ होती, आणि तिने मान वर न करता सांगितलं होतं, “अहो, एक सांगते, हसू नका. मला मुलं आवडत नाहीत. म्हणजे एकेकटी आवडतात. पण वर्गभर एकदम माझ्याकडे बघायला लागली की आत काहीतरी गोळा होतं.” तो हसला होता. त्याला वाटलं, नवी नोकरी आहे, होईल सवय. सवय झाली नाही. रोज सकाळी ती न्हाणीघराचं दार लावून नळ सोडायची, आणि नळाच्या आवाजाखाली तिच्या ओकाऱ्या त्याला ऐकू यायच्या. मग चेहरा पुसून बाहेर यायची, चहाचे दोन घोट घ्यायची आणि जायची. इतकी वर्षं. आणि काम मात्र असं करायची की आयाबाया पोरांना तिच्याच वर्गात घालायचं म्हणून शाळेत खेटे घालायच्या. तिने कधी आवाज चढवला नाही. कधी हात उगारला नाही. कुणाला कोपऱ्यात उभं केलं नाही. रस्त्यात भेटलेल्या मोठमोठ्या मुली तिच्या गळ्यात पडायच्या आणि ती हसायची. ते हसू तो ओळखून होता. तो दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायचा, आयुष्यभर त्याने तेच केलं. चांगली बसलेली कवळी माणूस काढायची विसरतो, असं त्याच्याकडे येणारे म्हणत. ती विसरत नव्हती. घरात आली, दार लागलं, की ती ते हसू काढून ठेवायची आणि बराच वेळ तिच्या चेहऱ्यावर काहीच नसायचं. मग हळूहळू तिचा स्वतःचा चेहरा यायचा. तो चेहरा फक्त त्याने पाहिलेला होता, आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचा मनातून थोडा ताठा होता. जग जिला ओळखतं ती वेगळीच, आपल्याकडे जी आहे ती ही. सोड म्हणून त्याने कितीदा सांगून पाहिलं. तिचं उत्तर ठरलेलं. “सोडून दुसरं काय करू? जमतं तर हेच.”

“आधी थोडी चर्चा होऊ दे,” मोठ्या बाई म्हणत होत्या. “भावोजींना जरा टेकू दे. चहा येईपर्यंत आपण पुस्तकाबद्दल बोलू. कोण सुरुवात करतं? हात वर.” आणि खरंच दोघातिघांनी हात वर केले.

पुस्तक त्याने वाचलं होतं. असल्या पुस्तकांची त्याला सवय नव्हती, तरी वाचलं, कारण ती त्यातला बराचसा भाग वाचून गेली होती आणि निदान तेवढ्या वाटेने आपण जाऊन यावं असं त्याला वाटलं. त्यात पुढच्या कुठल्या तरी काळातलं एक शहर होतं. तिथे मुलाच्या कानामागे एक मणी बसवत आणि मूल झोपेतच सगळं शिकून उठायचं, गणित, भाषा, पोहणंसुद्धा. शाळा एकेक करून बंद पडतात. शेवटची जी राहते तिचं संग्रहालय करतात. बाक, फळा, घंटा सगळं जागच्या जागी, आणि ते दाखवायला एक म्हातारी शिक्षिका नेमलेली. बघायला येणारी मुलं बाकावर बसतात, एकमेकांकडे बघून हसतात, आणि तिला विचारतात, इतकी माणसं एका खोलीत कोंडून तुम्ही करत काय होतात? ती दिवसातून एकदा घंटा वाजवून दाखवते. बस्स, एवढीच तिची नोकरी.

“माझा पहिला प्रश्न,” पीटीचे सर म्हणाले, “यात पीटी कुठाय? पोहणं झोपेत शिकवलं म्हणे. पाण्यात पडल्यावर बघू म्हणावं. आणि हे मणीवाले उद्या मला काय विचारणार? सर, रांग म्हणजे काय?”

“बरोबर,” मोठ्या बाई म्हणाल्या. “म्हणजेच सरांना असं म्हणायचंय की शरीर आणि मन यांचं शिक्षण वेगळं करता येत नाही.”

“मला तसं नव्हतं म्हणायचं,” सर म्हणाले, “पण चालेल.”

सगळे हसले. मोठ्या बाईंची ही खोड सगळ्या शाळेला माहीत होती, बायकोही घरी येऊन त्यांची नक्कल करायची. बाईंनी नोकरीभर कुठल्याच मुलाला चूक म्हटलं नव्हतं. मूल काहीही बोललं तरी आधी ‘बरोबर’ म्हणायचं आणि मग ‘म्हणजेच’ लावून जे उत्तर हवं ते आपणच सांगायचं. तपासणीला आलेल्या साहेबांनी याचं कौतुक केलं होतं आणि मग सगळ्या शिक्षकांना ते लागू झालं होतं. बाई बोलत होत्या आणि तो त्यांच्या तोंडाकडे बघत होता, कारण त्यांची वरची कवळी त्याच्याच हातची होती. तिनेच त्यांना त्याच्याकडे पाठवलं होतं. चांगली बसली होती. ‘बरोबर’ म्हणताना कुठेही हवा निसटत नव्हती.

मग विज्ञानाच्या बाई बोलल्या, त्या म्हणाल्या की मण्याचं तंत्रज्ञान नीट समजावलेलं नाही. कुणीतरी म्हणालं की लेखकाला आईची माया म्हणून काही कळत नाही. कुणी म्हणालं, आपण होतो तेव्हा शाळा होती, बाकी काय. हे बोलणं बराच वेळ चाललं आणि त्यात दुःख होतं, पण ते आपल्याच मरणाबद्दल बोलताना वाटतं तसलं, थोडं सुखाचं. त्याच्या समोर चित्रकलेच्या बाई बसल्या होत्या. एव्हाना चहा येऊन गेला होता. चहाचा कागदी कप रिकामा करून त्याची कड त्या नखाने बारीक बारीक उलगडत होत्या. बायको त्यांच्याबद्दल नेहमी बोलायची, एवढंच त्याला आठवलं, काय बोलायची ते तेव्हा आठवलं नाही.

त्याला आठवत होती ती दुपार, पुस्तक घरी आलं ती. तो घराच्या मागच्या खोलीत काम करत बसला होता. तिथे त्याचं टेबल होतं, प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, मेणाचा वास. ती शेजारच्या खुर्चीत पाय वर घेऊन वाचत होती. निवृत्त झाल्यापासून ती अशी पाय वर घेऊन बसायला लागली होती. वाचता वाचता ती एकदम हसली. तो कवळी घासणं थांबवून बघायला लागला, कारण ते हसू मोठं होतं. “ऐका, ऐका,” ती म्हणाली. “शहरातली शेवटची शाळा बंद झाली त्या दिवशी निरोप द्यायला कुणीही आलं नाही. अहो, कुणीच नाही! पाऊस नव्हता, संप नव्हता, नुसतं कुणी आलं नाही.” आणि पुन्हा हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग म्हणाली, “असं होऊ शकलं असतं. बघा ना. कुणाला तरी सुचलं तरी हे.” तो म्हणाला, “मंडळात हे वाचलंस तर मोठ्या बाई तुला बाकावर उभं करतील.” “करू देत,” ती म्हणाली. “मी हेच देणार आहे त्यांना. त्यांची तोंडं बघायची आहेत मला एकदा. मोठ्या बाई टेबलाच्या टोकाला, आणि मी सगळ्यांसमोर सांगणार, का निवडलं ते.” “काय सांगणार?” “बघू. जमलं तर खरं सांगणार.” एवढं बोलून तिने पुस्तकात डोकं घातलं. तो परत घासायला लागला. त्याला तेव्हा वाटलं होतं, गंमत करतेय. आता त्याला वाटत नव्हतं. आता त्याला दिवसातून कितीदा तरी ते ‘जमलं तर’ ऐकू यायचं, आणि ती किती दिवस त्याची तयारी करत होती, कुठली वाक्यं जुळवत होती, हे काहीच आपल्याला माहीत नाही हे त्याला सलायचं.

आणि दवाखाना. ते तो मनात येऊ देत नव्हता, पण या खोलीत एकाच ठिकाणी इतके शिक्षक बसलेले असताना ते येणारच होतं. तिच्या छातीत पाणी झालं होतं. तोंडावर मास्क, हाताला सुया, आणि दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी पाळी बदलली आणि एक नवी नर्स आली. तिने पलंगाला लावलेल्या पाटीवरचं नाव वाचलं आणि ती ओरडलीच, “बाई! ओळखलंत का मला?” मग तिने आपलं नाव सांगितलं, कुठल्या बाकावर बसायची ते सांगितलं, तिची वेणी कशी सुटायची आणि बाई कशी घालून द्यायच्या ते सांगितलं. आणि त्याने बघितलं, मास्कच्या आत बायकोचे गाल वर सरकले. श्वास पुरत नव्हता, ओठ निळे पडले होते, आणि तरी ते हसू आलं, तेच, दाराबाहेरचं. ती पोर फार चांगली होती. स्वतःची पाळी संपली तरी घरी गेली नाही, उशाशी बसून राहिली, बाईंचा हात हातात घेऊन. त्याला म्हणाली, “काका, तुम्ही जरा बाहेर पाय मोकळे करून या, मी आहे बाईंजवळ.” तो गेला. कॉफीच्या यंत्रापाशी उभा राहिला, बटण कुठलं दाबायचं ते त्याला कळेना, एका माणसाने दाबून दिलं. परत आला तेव्हा पोरगी रडत होती. “हसत गेल्या बाई,” ती म्हणाली. “माझ्याकडे बघून हसत गेल्या.” सगळ्यांनी हे नंतर फार समाधानाने ऐकलं. मुलीनेही. आणि तो विचार करत राहिला की तिला शेवटी तेवढी पाच मिनिटं, दार लावून घेतलेल्या घरातली, मिळायला हवी होती. ती घरी यायच्या आतच गेली. ती शाळेतच गेली.

“भावोजी,” मोठ्या बाई म्हणाल्या, “आता तुम्ही.”

खुर्च्या सरकल्या, सगळे त्याच्याकडे वळले. वर्गभर माणसं एकदम आपल्याकडे बघायला लागली की कसं होतं ते त्याला तेव्हा कळलं. तो उभा राहिला. बसूनच बोला, असं कुणीतरी म्हणालं, पण तो उभा राहिला होता आणि आता बसणं बरं दिसलं नसतं. मुलीची दोन वाक्यं तोंडाशी आली होती. ती म्हटली की सुटलो. माणसं डोळे पुसतील, बाई बरोबर म्हणतील, आणि मग बायको कायमची तशीच राहील. या सगळ्यांच्या मनात, मुलीच्या मनात, मुलांची काळजी वाहणारी. आणि दुसरी जी होती ती एकट्या त्याच्यापाशी राहील, तो असेपर्यंत. आणि खरं सांगितलं तर तिचं इतक्या वर्षांचं गुपित तो तिच्या माघारी उघडं करणार, ज्यांच्यापासून तिने ते लपवलं त्यांच्याचसमोर. पण तीच म्हणाली होती, खरं सांगणार. जमलं तर, असं म्हणाली होती. तिला ते जमलं असतं का? त्याला ठरवता येईना. तो टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिला, जणू काही धार बघतोय.

“मला बोलायची सवय नाही,” तो म्हणाला. “तिने ते का निवडलं ते मला सांगितलं होतं. तिला ते फार आवडलं. मोठ्याने हसली वाचताना. म्हणजे शाळा बंद पडतात त्या ठिकाणी हसली.” तो थांबला. “तिला शाळा आवडत नव्हती.”

पंखा अडखळला आणि पुन्हा फिरायला लागला. मोठ्या बाई त्याच्याकडे मायेने बघत होत्या.

“बरोबर,” त्या म्हणाल्या. “म्हणजेच शाळेचं आजकाल जे झालंय ते तिला पटत नव्हतं. आमच्याशीही बोलायची ती.”

“नाही,” तो म्हणाला. “आजकालचं नाही. पहिल्यापासून. तिला शिकवायला आवडायचं नाही. वर्गात जायची तिला भीती वाटायची. रोज सकाळी ओकायची.”

“अरे देवा,” विज्ञानाच्या बाई म्हणाल्या.

“हेच ते,” मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. त्या आता त्याच्याशी बोलत नव्हत्या, सगळ्यांशी बोलत होत्या. “बघा. म्हणजेच इतक्या वर्षांनंतरही तिला जबाबदारीचं दडपण यायचं. खऱ्या शिक्षकालाच येतं ते. आम्हाला कधी कळू दिलं नाही हो तिने.”

“मीसुद्धा सामन्याआधी ओकायचो,” पीटीचे सर म्हणाले. आवाज घोगरा झाला होता त्यांचा. “खरं सांगतो.”

“तसं नाही,” तो म्हणाला. “तुम्ही ऐकून घ्या. दवाखान्यात तिची एक विद्यार्थिनी होती. नर्स. ती आली आणि हिला हसावं लागलं. श्वास नव्हता तिला. तरी हसावं लागलं.” त्याला पुढचं बोलायचं होतं, तिला घरी यायचं होतं हे सांगायचं होतं, पण ते नीट जुळेना. घरी तर प्रत्येकालाच यायचं असतं. आणि तोवर दोन-तीन रुमाल बाहेर आले होते. कुणीतरी म्हणालं, शेवटच्या श्वासापर्यंत. मोठ्या बाई उठल्या, टेबलाला वळसा घालून त्याच्यापाशी आल्या आणि त्याचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. “शेवटपर्यंत बाईच राहिली,” त्या म्हणाल्या. इतक्या जवळून त्याला त्यांचे दात दिसले, एकसारखे, त्याने लावलेले. “फार छान सांगितलंत भावोजी. अगदी बरोबर सांगितलंत.”

तो बसला. त्याने सगळं सांगितलं होतं, एक शब्द खोटा नव्हता, आणि त्यातलं काही म्हणजे काही उरलं नव्हतं. ते सगळं या खोलीने घेतलं होतं आणि धुऊन घडी करून ठेवलं होतं. त्याला घरचं न्हाणीघराचं दार आठवून बघावंसं वाटलं, तर दारापलीकडे नळाच्या आवाजाखाली ओकाऱ्यांऐवजी बाईंचं ‘जबाबदारीचं दडपण’ ऐकू येत होतं. पुढच्या वेळचं पुस्तक कोण निवडणार यावर बोलणं सुरू झालं. कुणीतरी म्हणालं, काहीतरी हलकंफुलकं घ्या आता. तो पिशवी उचलून उठला. थांबा, थांबा, असं सगळे म्हणाले, कुणी थांबवलं नाही.

खाली रस्त्यावर ऊन तिरपं झालं होतं. बसथांब्याच्या छपराखाली बाक होतं पण त्यावर ओला रंग दिला होता, म्हणून तो कठड्यापाशी उभा राहिला. मागून पावलं वाजली. चित्रकलेच्या बाई होत्या. जिना भरभर उतरल्यामुळे त्यांना धाप लागली होती. हातात अजून तो फाटका कप होता. त्यांनी तो डब्यात टाकला, हात झटकले आणि त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. दोघंही बस ज्या बाजूने येते तिकडे बघत राहिले.

“भावोजी,” त्या म्हणाल्या, “ते खरं होतं ना?”

“कुठलं?”

“पहिलं. आवडत नव्हतं म्हणालात ते. बाईंच्या ‘म्हणजेच’च्या आधीचं.”

“हो.”

“नुसतं आवडत नव्हतं? की अगदी नको व्हायचं?”

“अगदी नको व्हायचं,” तो म्हणाला.

त्यांनी मान हलवली. हलवतच राहिल्या. “मधल्या सुट्टीत आम्ही शेजारी बसून डबा खायचो,” त्या म्हणाल्या. “ती घंटा व्हायच्या कितीतरी आधी डबा बंद करून, हात धुऊन, पुस्तकं छातीशी धरून तयार. मी म्हणायचे, काय ही ओढ हिला वर्गाची. मला तर घंटा झाली की पायात गोळे यायचे.”

“तिला घंटेची भीती वाटायची,” तो म्हणाला. “आधीच उभं राहिलं की दचकायला होत नाही, म्हणायची.”

“असं म्हणायची?”

“हो.”

“मला कधी बोलली नाही हो.” त्यांनी कठड्याला हात लावला, तो गरम होता, काढून घेतला, पुन्हा लावला. “मीपण नाही बोलले. आपणच नालायक असं वाटायचं. शेजारी ही अशी, आणि आपण हे असे. हिच्यासमोर कशाला तोंड उघडा? घरी जाऊन आईला सांगायचे. आईला ऐकू यायचं नाही, त्यामुळे बरं पडायचं. ओरडून ओरडून सांगायचे, आमच्या शाळेत एकच खरी शिक्षिका आहे, आणि मी तिच्या शेजारी बसते, माझी लाज वाटते मला.”

आणि तेव्हा त्याला आठवलं, बायको यांच्याबद्दल काय बोलायची ते. इतक्या वेळा ऐकलं होतं आणि खोलीत आठवलं नव्हतं. सांगावं की नाही, असा विचारसुद्धा त्याने केला नाही.

“ती तुमच्याबद्दल सांगायची,” तो म्हणाला. “घरी आली की. चित्रकलेच्या बाई सुखी आहेत म्हणायची. त्यांना त्यांचं काम आवडतं. बोटांना रंग असतो आणि वर्गात जाताना गुणगुणत जातात. तसं एकदा तरी जाता यायला हवं होतं, म्हणायची.”

चित्रकलेच्या बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. “गुणगुणायचे,” त्या म्हणाल्या. “गुणगुणायचे मी. नाहीतर किंचाळले असते.” आणि त्या हसायला लागल्या. आधी आवाज न करता, मग तोंडावर हात धरून, मग हात काढून. कठडा धरून वाकल्या. थांब्यावरची एक बाई जरा लांब सरकली. त्यालाही हसू आलं, बऱ्याच दिवसांत न आलेलं, आणि ते येत असतानाच त्याच्या एक लक्षात आलं. इतकी वर्षं तो जे आपल्या एकट्याचं म्हणून जपत आला होता ते तिचं एकटेपण होतं, आणि ते संपायला दोन डब्यांमधलं अंतर तेवढं ओलांडायचं होतं. एक वाक्य. मधल्या सुट्टीत, कुणीही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

बाईंची बस आधी आली. डोळे पुसत त्या चढल्या, खिडकीपाशी बसल्या, काहीतरी म्हणाल्या, काचेमुळे ऐकू आलं नाही. मग त्याची बस आली. गर्दी नव्हती. तो पुढच्या जागेवर बसला आणि पिशवी मांडीवर घेतली. घर येईपर्यंत त्याच्या मनात एवढंच चाललं होतं की हे तिला कसं सांगायचं, गेल्या गेल्या सांगायचं की चहा झाल्यावर, आणि ऐकून ती कशी हसेल.